तिसरी सही

घरात ती दुधी.
कागदावर तिचं नाव दीड ओळ भरतं:
आधी कॅटरीचं, मग तिचं, मग रंगाचा आकडा,
आणि उजवीकडे फुटत गेलेल्या चार पिढ्या,
कुणी कीव्हचा, कुणी क्वालालंपूरची,
खापरपणजीच्या नावाआधीसुद्धा चॅम्पियन.
हा कागद कुरियरने आठ दिवसांत आला.

करावे गावातल्या आमच्या साडेबारा टक्क्यांच्या फायलीत
सासऱ्यांमागे सासूबाईंचं नाव लागायला
अकरा वर्षं गेली.
मी काही बोलले नाही.
दोन्ही कागद एकाच कपाटात ठेवले.

चॅम्पियन व्हायला तीन सह्या लागतात,
तीन वेगळ्या हातांच्या.
एकाच परीक्षकाने तीनदा वाहवा केलेली चालत नाही.
पहिली पुण्यात मिळाली.
दुसरी बंगळुरात, तिथे हिने परीक्षकाच्या टायवर पंजा ठेवला
आणि अख्खी रांग हसली.
तिसरीसाठी वाशी, घरापासून वीस मिनिटं.
"होम ग्राउंड," म्हणाला मोरेश्वर गाडी काढताना.
त्याला क्रिकेटपलीकडे उपमा सुचत नाही.

आदल्या रात्री अंघोळ. तेलकटपणा जायला आधी भांड्यांचा साबण,
मग शाम्पू, मग पुन्हा शाम्पू, मग तासभर मंद ड्रायर,
डोळ्यांखालची तांबूस रेघ कापसाने पुसत
मी तिला सगळं सांगितलं. ती जांभई देत होती.
पहाटे कंगव्यात पुंजके आले.
ऑक्टोबर.
मोरेश्वरला दिसू नयेत म्हणून
ते मी पर्सच्या चोरकप्प्यात कोंबले.

हॉलमध्ये एसी होता, पण नावाला.
शेजारच्या पिंजऱ्यात तुर्भ्याचा एक मुलगा, झहीर,
घरगुती गटात आलेला, कान कापलेलं ठिपक्यांचं मांजर घेऊन.
फॉर्मवर आईबापाच्या रकान्यात त्याने लिहिलं होतं:
मसाला मार्केट, जी गल्ली, मिरचीची गोणी.
मला म्हणाला, "काकी, तुमच्याकडे जास्तीचा कंगवा आहे?"
दिला. मांजराला तीन शिंका आल्या.

आमचा नंबर पुकारला.
टेबलावर सॅनिटायझरचा वास, स्टीलचा खांब,
परीक्षक बाई लांब बोटांच्या, बोलायला हळू.
त्यांनी दुधीला उचलून उजेडाकडे धरलं,
कानांमधलं अंतर अंगठ्याने मोजलं,
नाकाची खाच, हनुवटी, शेपटीचं शेवटचं हाड,
सगळं वाचलं, बोटांनी, डोळे जवळजवळ मिटून.
मोराचं पीस नाचवलं.
दुधी छताकडे बघत होती.
वर लोखंडी कैचीत एक चिमणी अडकली होती,
या तुळईवरून त्या तुळईवर.
बाईंनी पीस खाली ठेवलं आणि त्याही वर बघू लागल्या.
रांगेतले सगळे बघू लागले.
मला वाटलं, झालं, सही झाली.

मग त्यांनी मानेखालची फर उलटी फुंकली.
आतला थर विरळ. गुलाबी कातडी दिसली,
मलाही पहिल्यांदाच, इतकी.
"मांजर सुंदर आहे," त्या म्हणाल्या,
"आज अंगावर कपडे नाहीत तिच्या."
आणि सहीची जागा
पांढरीच ठेवली.

राग यायला हवा होता.
पण पर्समधला तो पुंजका मला ठाऊक होता
आणि बोटांनी वाचणाऱ्या त्या बाईंनाही.
दुपारी झहीरच्या मांजराला गुलाबी रिबन मिळाली,
ती त्याने चावून लगेच ओली केली. मांजराने, झहीरने नव्हे.
झहीर फोनवर आईला ओरडून सांगत होता, रडतही होता.
कंगवा परत द्यायचा राहिला.

पाम बीच रोडवर मोरेश्वर गप्प होता.
करावे आल्यावर म्हणाला, "ड्रॉ समज."

सासूबाई ओट्यावर बोंबील साफ करत बसलेल्या.
"पास झाली का गो?"
"नाही. जानेवारीत परत. थंडी पडली की केस येतात."
त्यांनी एक बोंबील दुधीपुढे टाकला, चॅम्पियन असो नसो,
आणि हात न थांबवता म्हणाल्या,
"सहीला वेळ लागतंच गो.
तवर तिला खायला घाल."